सोलापुरातून चॅनेलपर्यंत: ॲनिमेशनची प्रक्षेपणायोग्य फाइल कशी काढायची

चॅनेलकडून परत येणाऱ्या फाइलींमधले बरेच दोष रेंडर (थ्रीडी दृश्यातून एकेक चित्र तयार करणे) सुरू होण्याआधीच पडलेले असतात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे, हा चुकीचा धरलेला असतो, अक्षरे बारीक घेतलेली असतात, नाहीतर रंग कोणत्या मापात जाणार हे कुणी विचारलेलेच नसते. मग शेवटच्या रात्री एक्स्पोर्टच्या सेटिंगशी कितीही झटापट केली तरी हाती काही लागत नाही. म्हणून हा लेख एक्स्पोर्टच्या बटणाच्या बराच मागून सुरू होतो.

उदाहरणादाखल ३० सेकंदांची एक जाहिरात समोर ठेवू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादरी-टॉवेलचा कारखाना, जानेवारीत गड्डा यात्रेच्या सुमारास लागणारी जाहिरात, थ्रीडीत उलगडत जाणारी चादर आणि शेवटी नाव, पत्ता, फोन. रेंडर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, फाइल बांधायला एफएफएमपेग (कमांडने चालणारे व्हिडिओचे सॉफ्टवेअर) किंवा ॲडोबी मीडिया एन्कोडर.

आधी चॅनेलचा कागद

प्रत्येक चॅनेलची फाइल कशी हवी याची एक यादी असते. तिला स्पेक शीट म्हणतात. ती लेखी मागवा. फोनवर ‘एचडी पाठवा, चालेल’ असे सांगितले तरी थांबा. त्यात पाच गोष्टी बघायच्या: चित्राचा आकार आणि फ्रेम रेट, इंटरलेस (फ्रेमच्या सम आणि विषम ओळी दोन फील्डांत, एकापाठोपाठ) की प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकदम), कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) आणि कंटेनर (चित्र-आवाज एकत्र ठेवणारा फाइलचा प्रकार), आवाजाची पातळी आणि ट्रॅकची मांडणी, आणि सुरुवातीला कलर बार (रंग तपासायच्या पट्ट्या), स्लेट (जाहिरातीची माहिती लिहिलेली फ्रेम), काळी फ्रेम हवी का. हे शेवटचे न विचारता लावू नका. काही ठिकाणी फाइल थेट जाहिरातीच्या रांगेत टाकली जाते. तिथे तुमचे कलर बारही ऑन एअर जातील.

मोठ्या चॅनेलांना बहुधा १०८०आय ५० लागते, म्हणजे १९२० बाय १०८०, सेकंदाला ५० फील्ड, २५ फ्रेम. स्थानिक केबल चॅनेलचा प्लेआउट (फाइल ऑन एअर चालवणारी यंत्रणा) पुष्कळदा साध्या संगणकावर चालतो आणि तिथे एमपी४ मागतात. दोन्हीकडे जाहिरात द्यायची असेल तर कामाची आखणी मोठ्या चॅनेलच्या मापाने करा. वरून खाली उतरता येते, खालून वर चढता येत नाही.

फ्रेम रेट: २५, दुसरे काही नाही

भारतातले टीव्ही प्रक्षेपण पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या वारशावर उभे आहे, त्यामुळे इथला हिशेब २५चा. ब्लेंडर उघडला की मुळात २४ असतो. ३० सेकंदांच्या ७५० फ्रेम लागतात. २४वर राहिलात तर ७२० निघतील आणि चॅनेलवर जाहिरात २८.८ सेकंदांत संपेल. आवाज मात्र ३० सेकंदांचा, म्हणजे ‘आजच भेट द्या’ काळ्या पडद्यावर ऐकू येणार. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये याच चुकीचे दुसरे रूप भेटते. इमेज सिक्वेन्स (क्रमांकवार सुट्या फ्रेम) आत घेताना ते मुळात ३० फ्रेम धरते आणि तुमच्या ७५० फ्रेम २५ सेकंदांत संपतात. इम्पोर्टच्या प्रेफरन्समध्ये तो आकडा एकदाच २५ करून ठेवा.

आता इंटरलेसचा प्रश्न. १०८०आय ५०च्या फाइलमध्ये २५ प्रोग्रेसिव्ह फ्रेम घालता येतात. एकाच फ्रेमच्या दोन्ही फील्डांत एकाच क्षणाचे चित्र जाते. थ्रीडीतल्या संथ हालचालींना, प्रॉडक्ट शॉटला हे उत्तम, आणि रेंडरचा वेळ निम्मा लागतो. एका फ्रेमला दीड मिनिट धरले तर ७५० फ्रेमना पावणेएकोणीस तास, ५० फ्रेमने रेंडर केले तर साडेसदतीस. पण आडवी सरकणारी पट्टी, वेगाने फिरणारे अक्षर, वर चढणारी नावे असतील तर तेवढा भाग ५० फ्रेमने रेंडर करून मग इंटरलेस करा. ब्लेंडरच्या २.८ आवृत्तीपासून फील्ड रेंडरची सोय काढून टाकली आहे, त्यामुळे हे काम एफएफएमपेगच्या इंटरलेस फिल्टरकडे द्यावे लागते.

सरकणाऱ्या मजकुराचा वेग अंदाजाने ठेवू नका. वर चढणारा मजकूर प्रत्येक फील्डमागे एक ओळ सरकला तर घोटाळा होतो. पहिल्या फील्डमध्ये चित्राच्या सम ओळी दिसतात, दुसऱ्या फील्डपर्यंत मजकूर एका ओळीने वर गेलेला असतो आणि पुन्हा त्याच सम ओळी दिसतात. विषम ओळी प्रेक्षकाला कधीच दिसत नाहीत, अक्षरे अर्धी कुरतडल्यासारखी होतात. फील्डमागे दोन ओळी, म्हणजे फ्रेममागे ४ पिक्सेल ठेवले की सगळे तपशील येतात. सेकंदाला १०० पिक्सेल, पूर्ण पडदा चढायला १०.८ सेकंद. आडव्या पट्टीला फील्डमागे पूर्ण पिक्सेलचा आकडा द्या. ४ पिक्सेल दिले तर सेकंदाला २००, १९२० पिक्सेल पार करायला ९.६ सेकंद. वाचायलाही हा वेग बरा पडतो.

शिरोरेघ आणि चादरीचे पट्टे

इंटरलेसच्या पडद्यावर एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये असते. त्यामुळे ती सेकंदाला २५ वेळा दिसते आणि २५ वेळा नाहीशी होते. डोळ्याला ती थरथरताना दिसते. रोमन लिपीत अशा आडव्या रेघा तुकड्यातुकड्याने येतात. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेघ आहे, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून बाहेरच्या शिकवण्यांमध्ये दिलेली अक्षरांची मापे मराठी जाहिरातीला पुरत नाहीत. १०८०मध्ये शिरोरेघ किमान ३ पिक्सेल, शक्यतो ४ ठेवा. तीच जाहिरात ५७६ ओळींच्या एसडीत उतरली की ४चे जेमतेम २ राहतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट मीडियम किंवा सेमीबोल्ड वजनात घ्या. लाइट वजन कागदावर कितीही देखणे दिसले तरी इथे नको.

मजकूर आत घेताना आणखी दोन ठिकाणी अडते. डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये असेल तर तो युनिकोड नसतो; पेस्ट केला की चिन्हांचा कचरा दिसतो. आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि रूपांतरानंतर पुन्हा वाचा. रफार आणि जोडाक्षरे तिथेच बिघडतात. दुसरे, सॉफ्टवेअरच वेलांटी चुकीच्या बाजूला टाकते, ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्य’ तोडते. आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइप प्रेफरन्समधले साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडले की हे सुटते. थ्रीडी अक्षरे करायची असतील तर इंकस्केपमध्ये लिहा, ऑब्जेक्ट टू पाथ करा, एसव्हीजी म्हणून ब्लेंडरमध्ये आणा आणि तिथे जाडी द्या. सोलापुरात तीच जाहिरात तेलुगू आणि कन्नडमध्येही लागते. त्या लिप्यांनाही हाच मार्ग. पाथ केल्यावर ती भाषा वाचता येणाऱ्या माणसाला एक फ्रेम दाखवल्याशिवाय रेंडर लावू नका.

आता चादर. सोलापुरी चादरीचे वैभव तिच्या जेकॉर्ड विणीत आणि भरगच्च पट्ट्यांत आहे, आणि पडद्यावर नेमका तोच भाग अडचणीत आणतो. हिशेब करून बघा. ९० इंच लांबीची चादर पडद्याच्या पूर्ण १०८० उंचीत बसवली तर एका इंचाला १२ पिक्सेल मिळतात. इंचात ३० धागे धरले तर एका धाग्याच्या वाट्याला ०.४ पिक्सेल. पिक्सेलहून बारीक नक्षी हलायला लागली की लाटालाटांचे मोअरे उमटते, आणि इंटरलेसमध्ये ते दुप्पट वाईट दिसते. ६०० डीपीआयवर स्कॅन केलेला टेक्स्चर (थ्रीडी चादरीवर चढवायचे चित्र) जसाच्या तसा लावला की हे ठरलेलेच.

यावर उपाय असे. दूरच्या शॉटसाठी टेक्स्चरची लहान आवृत्ती वेगळी बनवा, ज्यात धागा नाही, फक्त पट्टे आणि वेलबुट्टी आहे. धागा जवळच्या शॉटमध्येच दाखवा, तिथे एका धाग्याला ३-४ पिक्सेल मिळतील इतका कॅमेरा पुढे न्या. पट्टे पडद्याच्या ओळींना समांतर पडू देऊ नका, चादर १०-१५ अंश तिरपी ठेवा. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनचा पिक्सेल फिल्टर मुळात १.५ पिक्सेलचा असतो, इंटरलेससाठी तो २ करा. संगणकाच्या मॉनिटरवर चित्र किंचित मऊ वाटेल. टीव्हीवर मात्र ते स्थिर दिसते. एफएफएमपेगच्या इंटरलेस फिल्टरमध्ये उभा लो-पास (वर-खालचे बारीक तपशील मऊ करणारी गाळणी) मुळातच चालू असतो, तो बंद करू नका. टीइंटरलेस नावाचा दुसरा फिल्टर वापरत असाल तर मात्र तो सांगून चालू करावा लागतो.

सेफ एरियाचे, म्हणजे मजकूर कडेला कापला जाणार नाही अशा भागाचे, दोनच आकडे लक्षात ठेवा. युरोपीय प्रक्षेपण संघाच्या आर ९५ शिफारशीप्रमाणे मजकूर मधल्या ९० टक्क्यांत हवा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंनी ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल मोकळे. फोन नंबर तळाशी ठेवण्याआधी चॅनेलची स्वतःची खालची पट्टी जाहिरातीच्या वेळी चालू असते का, ते विचारा. जुन्या ४:३ टीव्हींपर्यंत पोहोचायचे असेल तर नाव आणि नंबर मधल्या १४४० पिक्सेलच्या रुंदीत बसवा.

रेंडर इमेज सिक्वेन्समध्येच

थेट एमपी४ रेंडर करू नका. सातशेव्या फ्रेमला वीज गेली तर सगळी फाइल जाते. १६ बिट पीएनजीच्या सुट्या फ्रेम काढा, नावात चार आकडी क्रमांक द्या. एक फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय १२.४ एमबी भरते, त्यामुळे ७५० फ्रेमना जास्तीत जास्त साडेनऊ जीबी जागा धरा. प्रत्यक्षात कमी लागेल.

ब्लेंडरमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर चालू केले की वीज परत आल्यावर उरलेल्याच फ्रेम रेंडर होतात. पण अर्धवट राहिलेल्या फ्रेमची शून्य बाइटची फाइल मागे उरते आणि ‘ही झाली’ असे समजून ब्लेंडर ती ओलांडून पुढे जातो. पुन्हा रेंडर लावण्याआधी फोल्डर आकारमानाने लावून शून्य बाइटच्या फाइली पुसा. मधली एखादी फ्रेम हरवली तर एफएफएमपेग तिथेच थांबतो आणि फाइल कमी लांबीची निघते; आफ्टर इफेक्ट्स त्या जागी कलर बार दाखवते. फ्रेम मोजणे हे एका मिनिटाचे काम आहे, ते टाळू नका. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४२च्या पुढे जातो. बंद खोलीत ग्राफिक्स कार्ड तापून वेग उतरतो, तेव्हा रेंडर रात्री लावा आणि अंदाजात थोडा वेळ जास्त धरा.

रंगासाठी व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग पडद्यासाठी बदलणारी सेटिंग) बघा. नव्या ब्लेंडरमध्ये एजीएक्स आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत फिल्मिक मुळात चालू असतो. दोन्हींमुळे कंपनीच्या लोगोचा लाल मळकट होतो. लोगो आणि सपाट रंगांच्या शॉटला स्टँडर्ड ठेवा. पीएनजीऐवजी ईएक्सआर फाइली काढत असाल तर त्यात हा ट्रान्सफॉर्म बसत नाही, रंग लिनिअर, म्हणजे पडद्यासाठी न बदललेले, राहतात. तेच थेट एफएफएमपेगला दिले की चित्र अंधारे दिसते.

रंगांचे माप: १६ ते २३५

पीएनजीमध्ये काळा ० आणि पांढरा २५५ असतो. प्रक्षेपणात काळा १६ आणि पांढरा २३५. १० बिटमध्ये ६४ आणि ९४०. हे रूपांतर एकदाच व्हायला हवे. मास्टर (मूळ पक्की फाइल) बनवताना एकदा आणि एन्कोड करताना पुन्हा झाले तर काळा ३० वर चढतो, पांढरा २१८ वर उतरतो आणि सगळे चित्र धुक्यात गेल्यासारखे फिके होते. उलट, अजिबात झाले नाही तर सावल्या बुजतात आणि पांढऱ्यातला तपशील जातो. कामाच्या सुरुवातीला काळ्या-पांढऱ्याचे चौकोन असलेली एक चाचणी फ्रेम त्याच साखळीतून काढून वेव्हफॉर्मवर (उजेडाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) बघा. मॉनिटरवर नुसते डोळ्यांनी पाहून हे कळत नाही.

दुसरी चूक मॅट्रिक्सची, म्हणजे आरजीबी रंग टीव्हीच्या उजेड-रंगाच्या आकड्यांत बदलण्याच्या सूत्राची. एचडीला रेक ७०९, एसडीला रेक ६०१. एफएफएमपेगला स्पष्ट सांगितले नाही तर तो आरजीबीवरून रूपांतर करताना ६०१ धरतो. मग टीव्ही ७०९ने उलगडतो आणि शुद्ध हिरवा सुमारे १५ टक्क्यांनी काळवंडतो, लाल नारिंगीकडे झुकतो. चादरीचा गर्द लाल विटकरी दिसला की गिऱ्हाईक नाराज होते आणि दोष कुठे आहे ते कुणालाच सापडत नाही. स्केल फिल्टरमध्ये आउटपुट मॅट्रिक्स ७०९ द्या, शिवाय फाइलवर तशी खूणही टाका. नुसती खूण टाकून आतले रंग बदलत नाहीत.

अतिगडद लाल आणि निळ्याला थोडी मोकळीक ठेवा. शार्पन केल्यावर आणि कॉम्प्रेशननंतर कडांवर पातळी मर्यादेबाहेर उसळते. त्याच युरोपीय संघाची आर १०३ शिफारस आरजीबी पातळ्यांना उणे ५ ते १०५ टक्क्यांपर्यंत सूट देते, पण काम करताना १०० च्या आतच राहा.

फाइल बांधणे

मोठ्या चॅनेलांकडून सर्वांत जास्त मागणी एक्सडीकॅम एचडी ४२२ या फॉरमॅटची येते. मीडिया एन्कोडरमध्ये फॉरमॅट एमएक्सएफ ओपी१ए (हा कंटेनर) घेऊन एक्सडीकॅम एचडी ५०, पाल ५०आयचा तयार प्रीसेट निवडता येतो. एफएफएमपेगने करायचे असेल तर ही मूल्ये द्यावी लागतात:

- एमपेग-२ व्हिडिओ, ४:२:२ (रंगाचा आडवा तपशील निम्मा), ८ बिट, १९२० बाय १०८०
- बिटरेट स्थिर ५० एमबीपीएस. किमान आणि कमाल दोन्ही ५०
- जीओपी १२ (दर १२ फ्रेमांत एक स्वतंत्र पूर्ण फ्रेम), मध्ये दोन बी फ्रेम (आजूबाजूच्या फ्रेमवरून बांधलेल्या)
- इंटरलेस एन्कोडिंग चालू, अप्पर फील्ड फर्स्ट
- आवाज पीसीएम (न दाबलेला) २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. ८ ट्रॅक मागितले असतील तर पहिल्या दोनांत स्टिरिओ, उरलेले शांत

फील्डचा क्रम उलटा झाला की हलणारी वस्तू एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे अशी धडपडते. स्थिर शॉटमध्ये हे दिसतच नाही, म्हणून तपासणीसाठी नेहमी हालचालीचा शॉट घ्या. एचडी १०८०आयमध्ये वरचे फील्ड आधी असते. डीव्ही पालमध्ये खालचे. जुन्या डीव्ही क्लिप मिसळल्या असतील तर घोळ तिथेच असतो. एसडी आवृत्ती इंटरलेस एचडीवरून लहान करू नका, दोन्ही फील्ड एकमेकांत कालवली जातात. ती मूळ प्रोग्रेसिव्ह फ्रेमवरून वेगळी काढा.

८ बिटमध्ये आकाशाचा किंवा मागच्या पडद्याचा हलका ग्रेडियंट पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. रेंडरमध्ये डिदर (पट्टे मोडणारे बारीक ठिपके) चालू ठेवा आणि ग्रेडियंटवर अगदी बारीक ग्रेन घाला. चॅनेल प्रोरेस ४२२ एचक्यू घेत असेल तर ते १० बिटचे आहे आणि हा त्रास कमी होतो; २५ फ्रेमला सुमारे १८४ एमबीपीएस, म्हणजे ३० सेकंदांना ६९० एमबी. पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो किंवा लोअर थर्ड (पडद्याच्या तळाची नावाची पट्टी) द्यायचा असेल तर प्रोरेस ४४४४, आणि अल्फा (पारदर्शकतेची माहिती) स्ट्रेट, म्हणजे रंगापासून वेगळा, की प्रीमल्टिप्लाइड, म्हणजे रंगात आधीच मिसळलेला, हे आधी विचारा. तिथे गल्लत झाली की अक्षरांभोवती काळी किनार येते.

स्थानिक केबल चॅनेलच्या एमपी४साठी एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१, २५ प्रोग्रेसिव्ह, १५-२० एमबीपीएस, एएसी आवाज ४८ किलोहर्ट्झ. इथे ४:२:० (रंगाचा तपशील आडवा-उभा दोन्हीकडे निम्मा) हे स्पष्ट सांगा. पीएनजी थेट दिले तर एफएफएमपेग ४:४:४ची फाइल बनवतो. तुमच्या व्हीएलसीत ती छान चालते, पण हार्डवेअर डीकोडर असलेल्या प्लेआउटवर पडदा काळा किंवा हिरवा पडतो.

आवाज

युरोपीय प्रक्षेपण संघाच्या आर १२८ प्रमाणे सरासरी लाउडनेस (कानाला जाणवणारा मोठेपणा) उणे २३ एलयूएफएस, ट्रू पीक (आवाजाच्या लाटेचे खरे शिखर) उणे १ डीबीटीपीच्या खाली. चॅनेलच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. मीटरवर शिखरे बघून पातळी लावणे पुरेसे नाही, कारण दाबून भरलेले संगीत त्याच शिखराला कितीतरी मोठे ऐकू येते. एफएफएमपेगचा लाउडनॉर्म फिल्टर दोन फेऱ्यांत वापरा: पहिलीत मोजा, दुसरीत ते आकडे देऊन लावा. एकाच फेरीत तो आवाजाची चढउतार बदलत राहतो आणि सॅम्पल रेट १९२ किलोहर्ट्झवर नेतो, म्हणून शेवटी ४८ सांगायला विसरू नका.

पाठवण्याआधी

मीडियाइन्फो या फाइलचे तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. स्कॅन टाइप इंटरलेस्ड, स्कॅन ऑर्डर टॉप फील्ड फर्स्ट, क्रोमा ४:२:२, मॅट्रिक्स बीटी ७०९ (म्हणजे रेक ७०९),  रेंज लिमिटेड, बिटरेट ५०, लांबी अचूक ३० सेकंद. आकारमानही खूप काही सांगते: ५० एमबीपीएसचे चित्र १८७ एमबी आणि आठ ट्रॅकचा आवाज सुमारे ३५ एमबी, मिळून २२० एमबीच्या आसपास. फाइल ४० एमबीची निघाली तर प्रीसेट चुकला आहे.

मग पूर्ण जाहिरात टीव्हीला लावून खुर्ची मागे घेऊन बघा. यात्रेतल्या शोभेच्या दारूकामासारखी झगमग असेल तर ती मोजा: पडद्याच्या पाव भागाहून मोठा लखलखाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको. फोटोसेन्सिटिव्ह फिट येणाऱ्या प्रेक्षकांसाठी ही मर्यादा आहे आणि ती चॅनेलने मागितली नाही तरी पाळायची.

फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. देवनागरी नाव अनेक प्लेआउट सर्व्हरना पेलत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून कधीही पाठवू नका, तो पुन्हा दाबला जातो. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी मास्टर फाइल त्यावर बसणार नाही. सोबत एमडी५ची बेरीज (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) द्या, म्हणजे कॉपी करताना फाइल बिघडली का, ते तिकडे तपासता येते.

तीच जाहिरात शहरातल्या चित्रपटगृहांत लावायची असेल तर रस्ता वेगळा. तिथे डीसीपी (चित्रपटगृहाच्या डिजिटल प्रोजेक्टरची फाइल) लागते, २४ फ्रेम, फ्लॅट चित्र १९९८ बाय १०८०, आणि सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्रही. २५च्या ७५० फ्रेम २४ने चालवल्या तर जाहिरात ३१.२५ सेकंदांची होते आणि आवाज तेवढाच ताणावा लागतो, स्वर किंचित खाली येतो. बोलणारा आवाज असेल तर पिच दुरुस्त करून घ्या. फक्त संगीत असेल तर ते २४च्या चित्रावर नव्याने बसवलेले चांगले.